जखम कोर्टासाठी ताजी ठेवायची का? : ईएमडीआर उपचार आणि चळवळीची तयारी

आपल्या चळवळीत एक वाक्य फार सहज फेकले जाते: "भीमसैनिकाला डिप्रेशन येत नसते." स्टेजवर टाळ्या मिळवायला वाक्य चांगले आहे. पण स्टेजखाली बसलेल्या ज्या पोराला तीन महिने झोप लागलेली नाही, त्याला हे वाक्य ऐकून काय वाटत असेल याचा विचार वक्ता करत नाही. त्याला वाटते, म्हणजे मी भीमसैनिकच नाही. तो गप्प बसतो. पुढच्या मीटिंगला येत नाही. मग आपणच म्हणतो, "तो आता चळवळीत राहिला नाही."

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला डॉ. पायल तडवी गेली. रोहित आणि पायलच्या मृत्यूला आपण संस्थात्मक हत्या म्हटले आणि ते बरोबरच आहे. खुनी व्यवस्थेला 'कमकुवत मन' या शब्दाआड लपू द्यायचे नाही, हा आपला आग्रह योग्यच होता. पण त्या आग्रहात एक प्रश्न मागे राहिला. जे मेले नाहीत त्यांचे काय? ज्यांनी मार खाल्ला, पाहिला, एफआयआर केली आणि त्याच गावात, त्याच कॉलनीत, त्याच कॉलेजात जगत राहिले, त्यांच्या मनाचे काय? त्यांच्यासाठी आपल्याकडे मोर्चा आहे, निवेदन आहे, वकील आहे. उपचार नाही.

हा लेख त्या उपचाराबद्दल आहे. त्यातही एका विशिष्ट उपचाराबद्दल, कारण गेल्या काही वर्षांत आपल्या शिकलेल्या तरुणांमध्ये त्याची चर्चा वाढली आहे. त्याचे नाव ईएमडीआर. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते: हा उपचार आपल्या लोकांनी जरूर घ्यावा. पण त्याच्या 'इंटेन्सिव्ह' प्रकारात तयारीशिवाय उतरू नये. आणि ही तयारी एकट्या पेशंटची नाही, एकट्या थेरपिस्टचीही नाही. तिचा मोठा भाग शासनाचा आणि चळवळीचा आहे.

हा उपचार आहे तरी काय?

ईएमडीआर म्हणजे आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये ही पद्धत मांडायला सुरुवात केली आणि १९८९ मध्ये तिच्यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. पेशंट आघाताची आठवण मनात धरतो आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या हलणाऱ्या बोटांकडे पाहत डोळे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवतो. कधी डोळ्यांऐवजी दोन्ही हातांवर आळीपाळीने टिचक्या मारतात किंवा दोन्ही कानांत आळीपाळीने आवाज देतात. थोड्या वेळाने थांबून थेरपिस्ट विचारतो, आता काय जाणवते? मग पुन्हा तेच. हळूहळू त्या आठवणीची धार कमी होते. आठवण पुसली जात नाही. ती 'आत्ता घडते आहे' असे वाटणे थांबते आणि 'तेव्हा घडले होते' असे वाटू लागते.

हे का घडते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. एक स्पष्टीकरण असे की डोक्याला एकाच वेळी दोन कामे दिली की आठवणीला पूर्ण ताकदीने उसळायला जागा उरत नाही. डोळ्यांच्या हालचालीचा वाटा किती आणि आठवणीला सुरक्षितपणे सामोरे जाण्याचा किती, यावरही मतभेद आहेत. पण उपचाराचा उपयोग होतो याला पुरेसा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आघातानंतरच्या विकारासाठी ईएमडीआरची शिफारस केली आहे. दुसरी शिफारस आघातकेंद्री सीबीटीची, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचाराची आहे. दोन्हींतला एक फरक आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. ईएमडीआरमध्ये घटना तपशीलवार तोंडाने सांगावी लागत नाही. जिने आपल्यावरचा अत्याचार आधी ठाणे अंमलदाराला, मग डॉक्टरला, मग डीवायएसपीला, मग मॅजिस्ट्रेटला, मग पत्रकाराला आणि मग सांत्वनाला आलेल्या प्रत्येक नेत्याला सांगितलेला आहे, तिला पुन्हा एकदा सगळे सांगावे लागत नाही ही किती मोठी गोष्ट आहे, हे तिलाच विचारा.

भारतात २००१ च्या भूज भूकंपानंतर आपत्तीग्रस्तांसाठी या पद्धतीचा वापर झाला. भूकंपाने मनावर आघात होतो हे सगळ्यांना लगेच पटते. मग २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीने होतो हे पटायला अडचण कुठली? अडचण एवढीच की भूकंपाला जात नसते.

'इंटेन्सिव्ह' म्हणजे काय आणि तयारी कशाची?

नेहमीच्या पद्धतीत आठवड्याला एक बैठक असते, साधारण एक-दीड तासाची. इंटेन्सिव्हमध्ये रोज काही तास, असे सलग काही दिवस काम चालते. याचा फायदा खरा आहे. ज्याला दर आठवड्याला रजा मिळत नाही, जो तालुक्याहून येतो, त्याला एकदाच चार-पाच दिवस काढणे सोपे पडते. पण जे महिन्याभरात हळूहळू वर येणार ते चार दिवसांत वर येते. धरणाचे दार थोडे थोडे उघडणे वेगळे आणि एकदम उघडणे वेगळे. खाली वस्ती कुठे आहे हे आधी पाहावे लागते.

ईएमडीआरचे आठ टप्पे आहेत. पहिला पूर्वेतिहास घेण्याचा, दुसरा तयारीचा. आठवणीवर डोळ्यांच्या हालचालींसह काम सुरू होते ते चौथ्या टप्प्यावर. तयारीत थेरपिस्ट पेशंटला काही साधने देतो. मनातल्या मनात शांत जागेवर जाणे. नको असलेली आठवण तात्पुरती 'पेटीत बंद' करून ठेवणे. पाय जमिनीला टेकवून, आजूबाजूच्या पाच वस्तू पाहून 'मी आत्ता इथे आहे' हे अंगाला पटवणे. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे थांबण्याचा इशारा. हात वर केला की काम थांबलेच पाहिजे. ज्याच्या 'नाही' ला आयुष्यभर कोणी किंमत दिली नाही, त्याच्यासाठी हा इशारा म्हणजे निम्मा उपचार आहे.

यावर कोणी म्हणेल, नेदरलँड्समध्ये आठ दिवसांचे सघन कार्यक्रम चालतात, त्यात ईएमडीआर असते आणि लांबलचक तयारी नसते. तिथले संशोधक तर म्हणतात की तयारीच्या नावाखाली उपचार उगाच लांबवला जातो. हा मुद्दा गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. 'आधी तू मजबूत हो, मग बघू' असे म्हणत पेशंटला वर्षानुवर्षे दारात उभे करणे हाही अन्यायच. पण तो कार्यक्रम निवासी आहे. पेशंट तिथे राहतो, जेवतो, झोपतो. सोबत टीम असते. म्हणजे सुरक्षितता तिथे भिंतींतच बांधलेली आहे. आपला माणूस तीन तासांच्या बैठकीनंतर सिटी बस पकडतो आणि ज्या गल्लीत त्याला मारले त्याच गल्लीत रात्री परत जातो. तिथली घाई इथे उचलून आणता येणार नाही. जे तिथे संस्थेने पुरवले ते इथे कोण पुरवणार, हा आपला प्रश्न आहे.

धोका संपला आहे, असे कोणी सांगितले?

आघातावरच्या सगळ्या उपचारांमागे एक गृहीतक असते: घटना घडून गेली, आता तुम्ही सुरक्षित आहात, फक्त तुमच्या मेंदूला ते अजून कळलेले नाही. युद्धावरून घरी आलेल्या सैनिकाच्या बाबतीत हे खरे असेल. जातीच्या बाबतीत आरोपी जामिनावर सुटून चौकात बसलेला असतो. किराणा त्याच्या भावाच्या दुकानात असतो. ग्रामपंचायतीत सही त्याच्या काकाची लागते. अशा वेळी 'तुम्ही आता सुरक्षित आहात' असे म्हणणारा थेरपिस्ट खोटे बोलत असतो आणि पेशंटच्या मेंदूला ते बरोबर कळते. त्याची भीती हा आजार नाही, ती माहिती आहे.

म्हणून तयारीची पहिली पायरी क्लिनिकच्या बाहेर आहे. ती पायरी कायद्यात लिहिलेली आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. त्याच्या सहाव्या उपकलमानुसार विशेष न्यायालयाने पीडित, त्याचे अवलंबित, फिर्यादी आणि साक्षीदार यांना चार गोष्टी द्यायच्या आहेत: पूर्ण संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च, तपास आणि खटल्याच्या काळात सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आणि गरज पडल्यास स्थलांतर. या चार गोष्टी परत वाचा. हीच इंटेन्सिव्ह उपचाराची तयारी आहे. सुरक्षित घर, येण्या-जाण्याचा खर्च, बुडालेल्या मजुरीची भरपाई, धोक्याच्या जागेपासून अंतर. मनाचा उपचार हा शब्द या चारांत स्वतंत्रपणे नाही. पण मन मोडलेल्या माणसाचे सामाजिक पुनर्वसन उपचाराशिवाय कसे होते, हे एखाद्या सरकारी वकिलाने समजावून सांगावे. आपल्या वकिलांनी 'सामाजिक-आर्थिक पुनर्वसन' या शब्दांतच उपचाराचा खर्च वाचावा आणि तसे अर्ज विशेष न्यायालयात टाकावेत.

आपण मात्र अर्थसाहाय्याच्या चेकवर थांबतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे गुन्ह्याच्या प्रकारानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते. ती मिळवून देणे महत्त्वाचेच आहे. पण चेकचा फोटो ग्रुपवर पडला की केस संपली असे आपण समजतो. पीडिताची खरी रात्र तर फोटो काढून सगळे निघून गेल्यावर सुरू होते.

कोर्टाला जखम ताजी हवी, माणसाला भरलेली

आता सगळ्यात अवघड मुद्दा. याविषयी चळवळीत कोणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्याची केस कोर्टात चालू आहे त्याने ईएमडीआर घ्यावे का? ईएमडीआरच्या प्रशिक्षणात थेरपिस्टला हे शिकवले जाते की आठवणीवर काम सुरू करण्याआधी पेशंटची कोर्टात साक्ष व्हायची आहे का ते विचारा. कारण उपचारानंतर प्रसंगाचे चित्र पुसट होऊ शकते आणि त्यासोबत येणारी भावना नक्कीच कमी होते. मग आरोपीचा वकील उभा राहून म्हणतो, साक्षीदाराच्या आठवणीत उपचाराने ढवळाढवळ झाली आहे. किंवा त्याहून वाईट, 'ही बाई एवढ्या शांतपणे सांगते आहे, म्हणजे हिच्यावर असे काही घडलेच नाही.' आपल्याकडे खरेपणाचा पुरावा म्हणून अजूनही अश्रूच मोजले जातात.

म्हणजे पीडितापुढे निवड काय उरते? साक्ष होईपर्यंत जखम उघडी ठेवायची. आणि साक्ष कधी होते? अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १४ म्हणते की आरोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली काढावा. प्रत्यक्षात वर्षे जातात. खैरलांजीचे भैयालाल भोतमांगे यांनी आपले सगळे कुटुंब गमावले. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा बदलून २५ वर्षांची कैद केली आणि हा गुन्हा जातीतून घडला हे मानायलाच नकार दिला. भैयालाल सर्वोच्च न्यायालयाकडे डोळे लावून राहिले आणि २० जानेवारी २०१७ ला हृदयविकाराने गेले. घटनेपासून दहा वर्षांहून जास्त काळ. या दहा वर्षांत त्या माणसाला किती वेळा तोच दिवस सांगावा लागला असेल? आपणच किती सभांमध्ये त्यांना स्टेजवर बसवले? त्यांच्या जखमेची गरज कोर्टाला होती, माध्यमांना होती आणि खरे बोलायचे तर आपल्यालाही होती.

दुसरी बाजूही पाहा. २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. साक्षीदार फिरतो तेव्हा आपण म्हणतो, पैसे खाल्ले. काही वेळा तेही असते. पण दहशतीखाली जगणारा, झोप उडालेला, आरोपीला पाहताच अंगाला थरकाप सुटणारा माणूस उलटतपासणीत गोंधळतो, तारखा चुकवतो, गोठतो. संरक्षण आणि उपचार न मिळालेले मन हाही केस हरण्याचा एक रस्ता आहे. त्यामुळे 'साक्षीसाठी उपचार थांबवा' हा सल्ला वकिलीच्या दृष्टीनेही शहाणपणाचा नाही.

मग करायचे काय?

एक, थेरपिस्ट आणि वकील यांची पेशंटच्या संमतीने एकदा तरी भेट घडवून आणा. दोघे आपापल्या खोलीतून सल्ला देतात आणि मधे माणूस भरडला जातो.

दोन, आठवणीवर काम सुरू होण्याआधी जबाब मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवला गेला आहे का ते पाहा. जुन्या फौजदारी संहितेचे कलम १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८३. शिवाय घटनेची तारीख, वेळ, जागा, माणसे हे सगळे स्वतःच्या हाताने लिहून एक प्रत वकिलाकडे ठेवा.

तीन, साक्ष लवकर घ्यावी म्हणून कलम १४ चा आधार घेऊन अर्ज करा. पीडिताला उपचार सुरू करायचा आहे हे कारण त्यात स्पष्ट लिहा. कोर्टाला कळू द्या की तारीख पुढे ढकलली की कोणाची रात्र लांबते.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे: तयारीचा टप्पा कोणासाठीच थांबवायचा नाही. झोप सुधारणे, थरकाप सुटला तर स्वतःला सावरणे, शांत जागा, पेटी, थांबण्याचा इशारा, यातले काहीही घटनेच्या आठवणीवर काम करत नाही. साक्ष बाकी असली तरी हे सगळे आजपासून शिकता येते. उलट साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहताना तेच कामाला येते.

राग निघून जाईल, ही भीती

कार्यकर्त्यांचा एक प्रामाणिक आक्षेप असतो: "जखम बरी झाली तर राग जाईल, राग गेला तर लढणार कोण?" हा आक्षेप राग आणि भीती यांची गल्लत करतो. ईएमडीआरमध्ये त्रास ० ते १० च्या मोजपट्टीवर मोजतात. पण जिथे राग परिस्थितीला धरून आहे तिथे तो ओढून ताणून शून्यावर आणायचा नसतो, हेही त्याच पद्धतीत सांगितलेले आहे. जाते ती गोठलेली भीती, स्वतःबद्दलची घृणा, 'मीच काहीतरी केले असेन' ही भावना.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. १९०१ साली लहानपणी वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांना बैलगाडी आणि पाणी मिळवताना काय झाले, बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून कसे हाकलले गेले, १९२९ मध्ये आपल्या शेजारच्या चाळीसगावात टांगेवाल्यांनी नकार दिल्यावर नवख्या माणसाने हाकलेल्या टांग्याचा अपघात कसा झाला, हे सगळे तिथे आहे. साल, जागा आणि क्रम यांसह आहे. त्यात राग आहे, पण तो लिहिणाऱ्याच्या ताब्यात आहे. लिहिणारा रागाच्या ताब्यात नाही. आठवण आपल्या हातात असणे म्हणजे काय, हे यापेक्षा वेगळे सांगायला नको.

"विपश्यना करा, सगळे ठीक होईल"

आपण बौद्ध आहोत आणि इगतपुरी आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे हा सल्ला नाशिकमध्ये जास्तच मिळतो. ध्यानाबद्दल मला आदर आहे. पण दहा दिवस मौनात बसणे हा आघातावरचा उपचार नाही. विपश्यना केंद्रेच अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात आणि हा वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही असे सांगतात. केंद्र जे म्हणत नाही ते आपले उपासक म्हणतात. ताज्या आघाताच्या माणसाला डोळे मिटून स्वतःच्या शरीराकडे पाहायला लावले तर तिथे शांतता असेलच असे नाही. तिथे तोच प्रसंग दबा धरून बसलेला असू शकतो.

बुद्धाचा विषारी बाणाचा दाखला सगळ्यांना माहीत आहे. बाण लागलेला माणूस म्हणतो, मारणारा कोण, त्याचे कुळ कोणते, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. आणि तो मरतो. काही लोक हा दाखला आपल्याला गप्प करायला वापरतात: मारणारा कोण ते विचारू नका, फक्त बरे व्हा. हा अर्थ मला मान्य नाही. बाण आधी काढायचाच. पण काढलेला बाण फेकून द्यायचा नाही. तो कोर्टात मुद्देमाल म्हणून जमा करायचा.

थेरपिस्टला काय विचारायचे?

बाजार जागा झालेला आहे. 'तीन दिवसांत ट्रॉमामुक्ती' अशा जाहिराती दिसू लागल्या आहेत. जो थेरपिस्ट पूर्वेतिहास न घेता थेट तारखा देतो, त्याच्याकडे जाऊ नका. प्रश्न विचारायला लाजू नका, आपण दया मागायला गेलेलो नाही. ईएमडीआरचे पूर्ण प्रशिक्षण कुठे झाले? इंटेन्सिव्ह सुरू होण्याआधी तयारीच्या बैठका किती? मध्येच थांबायचे असेल तर? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? नंतरच्या बैठका किती? फी एकूण किती?

आणि एक प्रश्न आपला: जातीच्या अत्याचाराकडे तुम्ही कसे पाहता? माझ्या कामात असे समुपदेशक भेटले आहेत जे आलेल्या मुलीला सांगतात, "जात-बित डोक्यातून काढून टाक, तुझा आत्मविश्वास कमी आहे." ईएमडीआरमध्ये पेशंटला स्वतःबद्दलची नकारात्मक धारणा शोधायची असते: 'मी घाणेरडी आहे', 'माझीच चूक', 'मी काही करू शकलो नाही'. आपल्या माणसाच्या तोंडून 'मी कमी आहे' हे वाक्य येते तेव्हा ते त्याने एकट्याने तयार केलेले नसते. त्यामागे शाळेचा बाक आहे, विहीर आहे, आडनाव ऐकून बदललेला चेहरा आहे. ज्या थेरपिस्टला हे ऐकू येत नाही, तो चुकीच्या जागी औषध लावणार.

आपल्या बाजूनेही काही गोष्टी लपवायच्या नाहीत. फिट येत असेल, डोळ्यांचा त्रास असेल, हृदयविकार, बीपी असेल, गरोदरपण असेल, दारू किंवा नशा असेल, मध्येच 'भान हरपून' वेळ निघून जात असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर सगळे सांगा. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. इंटेन्सिव्हच्या दिवसांत आणि नंतरचे काही दिवस स्वप्ने पडतात, जुन्या गोष्टी वर येतात, अंग गळून जाते. त्या काळात मोठे निर्णय नकोत, राजीनामा नको, भांडणाचा निकाल नको आणि बैठकीनंतर लगेच मोटारसायकल चालवणे नको.

एकलहऱ्यात हे कसे करायचे?

आता आपल्या गावाचे बोलू. थर्मलमध्ये २१० मेगावॉटचे तीन संच आहेत आणि त्यांच्या पाळ्यांवर अनेक घरांची झोप ठरते. कंत्राटी कामगाराने खाडा केला की मजुरी बुडते. सलग चार दिवस उपचाराला जायचे तर चार दिवसांची चूल कोण पेटवणार? रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी इंटेन्सिव्हला बसवायचे का? नक्कीच नाही. आधी पाळी बदलून घ्यावी लागेल, झोप सावरावी लागेल. हे काम युनियनचे आहे, सुपरवायझरशी बोलणाऱ्या कार्यकर्त्याचे आहे. थेरपिस्ट ते करू शकत नाही.

सरकारी व्यवस्था पाहा. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. उत्तर महाराष्ट्रात एकही नाही. मात्र मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १८ म्हणते की परवडणारी, चांगल्या दर्जाची, जवळ मिळणारी आणि जातीसह कोणत्याही कारणाने भेदभाव न करणारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना ती मोफत मिळाली पाहिजे. कायद्यात सांगितलेली किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या मानसिक आरोग्य सेवेत घेतलेल्या उपचाराच्या खर्चाची जबाबदारी शासनावर येते. हा कायदा आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? अ‍ॅट्रॉसिटीची कलमे आपल्याला तोंडपाठ असतात. हेही तोंडपाठ झाले पाहिजे.

म्हणून माझ्या ठोस सूचना अशा:

१. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. प्रत्येक बैठकीत एक प्रश्न लेखी जाऊ द्या: या तिमाहीतल्या किती पीडितांना आघातावरचा उपचार मिळाला, कुठे मिळाला, खर्च कोणी केला?

२. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना आणि समुपदेशकांना आघातावरच्या उपचारांचे प्रशिक्षण द्या, अशी मागणी निवेदनात घाला. खासगी इंटेन्सिव्ह परवडणारे थोडे असतात. बाकीच्यांचा मार्ग सरकारी दवाखान्यातूनच जातो.

३. जयंतीच्या वर्गणीतला एक ठरलेला हिस्सा उपचार निधीसाठी बाजूला काढा. डीजेच्या दोन भिंती कमी झाल्या तर बाबासाहेबांचे काही कमी होणार नाही. निधीतून प्रवास, बुडालेली मजुरी आणि फी द्या. नाव मात्र गुप्त ठेवा, ग्रुपवर फोटो नको.

४. उपचार घेणाऱ्या प्रत्येकासोबत दोन माणसे ठरवा. एकाने नेणे-आणणे करायचे, दुसऱ्याने रात्री फोन उचलायचा. या दोघांनी 'काय झाले ते सांग' असे एकदाही विचारायचे नाही.

५. विहारात महिन्यातून एकदा या विषयावर बोला. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर विहाराच्या फलकावर लिहा. मराठीत बोलता येते. जीव नकोसा झालेल्या माणसाने इंटेन्सिव्हची वाट पाहायची नसते, त्याने आज रात्रीच फोन करायचा असतो.

२ मार्च १९३० ला याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षे चालला. लोकांनी दगड खाल्ले, लाठ्या खाल्ल्या, गावाकडे बहिष्कार सोसला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा इतका काळ टिकवून धरला. एवढा लांबचा लढा नुसत्या घोषणांवर चालत नाही. कोणीतरी भाकरी बांधते, कोणीतरी जखमेवर पट्टी बांधते, कोणीतरी जेलमध्ये गेलेल्याच्या घरी जाऊन बसते, तेव्हा तो चालतो. शरीराच्या जखमेवर पट्टी बांधणे हे चळवळीचे काम आहे यावर आपल्यात दुमत नाही. मनाच्या जखमेला वेगळा नियम कशाला?

पुढच्या वेळी स्टेजवरून कोणी म्हणाले, "भीमसैनिकाला डिप्रेशन येत नसते," तर खालून उभे राहून विचारा, "दादा, आणि आले तर मंडळाने काय सोय केली आहे?"

जय भीम! नमो बुद्धाय!